राखतलावाचा पाझर

गेल्या हिवाळ्यात तुकईथडहून आपल्या शाळेची सहल बुऱ्हाणपुरास गेली होती, हे तुम्हांस आठवत असेलच. त्या दिवशी आपण कुंडी भंडारा पाहिला. कुंडीच्या काठावरून खाली डोकावताना तुमच्यांतील अवखळ मुलेही क्षणभर गप्प झाली होती. चारशे वर्षांपूर्वी, म्हणजे १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या अमदानीत अब्दुल रहीम खानखाना याने हे काम करविले. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्याच्या उतारावरून जमिनीच्या पोटात झिरपत तापीकडे जाणारे पाणी वाटेतच हेरले. त्याने भुयारे खणून ते एकत्र केले आणि कसल्याही यंत्रावाचून, केवळ उताराच्या बळावर नगरात आणून सोडले. उजेड आणि वारा आत जावा म्हणून भुयारावर ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या. अशा कुंड्या शंभराहून अधिक आहेत. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत या भंडाऱ्याचे नाव आले, तेव्हा आपणां सर्वांनाच अभिमान वाटला.

तेथेच नववीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, “बाई, पाझरून आलेले पाणी जर इतके निर्मळ असते, तर माझे मामा राखेच्या तलावाखालच्या पाझराला हातसुद्धा लावू देत नाहीत, ते का? तेही पाणी अगदी काचेसारखे दिसते.” त्याचे मामा एका औष्णिक वीजकेंद्रात कामाला आहेत.

मी कला शाखेची पदवीधर. मला कविता शिकवावयास सांगा, इतिहास सांगावयास सांगा. परंतु या प्रश्नाने मी खरोखरच निरुत्तर झाले. “शाळेत गेल्यावर सांगेन” असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण मुलाने विचारलेला प्रश्न हे शिक्षकाच्या डोक्यावरील ऋण असते. ते फेडण्यासाठी मी काही वाचले, विज्ञानाच्या शिक्षकांना विचारले, आणि जे उमगले ते येथे क्रमाने मांडीत आहे.

प्रथम हे पाहू, की विजेच्या कारखान्यात राखेचा तलाव असतो तरी कशासाठी.

आपला बुऱ्हाणपूर जिल्हा दोन मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांच्या मध्ये वसलेला आहे. उत्तरेस खंडवा जिल्ह्यात डोंगलिया येथे श्री सिंगाजी केंद्र आहे. त्याचे पाणी नर्मदेवरील इंदिरा सागर जलाशयाचे. पश्चिमेस भुसावळजवळ दीपनगर येथे दुसरे केंद्र आहे. त्याला पाणी मिळते ते तापीवरील हतनूर धरणातून. म्हणजे मुलताईस उगम पावलेली जी तापी आपल्या जिल्ह्यातून वाहते, तिचेच पाणी पुढे दीपनगरच्या वीजकेंद्रात पोहोचते. या केंद्रांत दगडी कोळसा पिठासारखा दळून जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि वीज निर्माण होते. एवढे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेच आहे. पुस्तकात बहुधा नसते ते हे, की कोळसा जळल्यावर मागे पुष्कळ राख उरते. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण फार, साधारणपणे शेकडा ३० ते ४५ इतके आहे.

आता थोडे गणित करू. दीपनगर येथे प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. असा एक संच पूर्ण शक्तीने दिवसभर चालला, तर त्यातून १ कोटी २० लक्ष युनिट वीज निघते. त्यासाठी सुमारे ८,००० टन कोळसा लागतो. शेकडा ३५ या हिशेबाने राख झाली २,८०० टन. यांपैकी जी राख धुरासोबत वर जाते तिला ‘उडती राख’ म्हणतात. एकूण राखेचा सुमारे चार-पंचमांश भाग हाच असतो. विद्युत्भारित पत्र्यांच्या साहाय्याने ती धुरातून वेगळी करतात. उरलेली जड राख भट्टीच्या तळाशी पडते. पुष्कळशी उडती राख कोरडीच सिमेंटच्या व विटांच्या कारखान्यांना जाते. जी उरते ती मात्र कोठे तरी नेऊन टाकावीच लागते. कोरडी राख उघड्यावर टाकावी तर वाऱ्याने उडून गावोगाव पसरेल. म्हणून तिच्यात पाणी कालवून तिची पातळ कढीसारखी राब करतात आणि ती नळांतून पंपाने दूरच्या तलावात सोडतात. हाच राखतलाव.

समजा, आपल्या उदाहरणातील निम्मी राख, म्हणजे १,४०० टन, याप्रमाणे तलावात गेली आणि तिच्यात वजनाने ८ पट पाणी कालवले. म्हणजे दररोज ११,२०० टन, अर्थात १ कोटी १२ लक्ष लिटर पाणी केवळ राख वाहून नेण्यासाठी लागले. आकड्यांचा आकार मनात भरावा म्हणून एक तुलना सांगते. ग्रामीण भागात नळाने दर माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी माप आहे. त्या मापाने हे पाणी २ लक्षांहून अधिक माणसांना पुरेल. २०११ च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर नगराची वस्ती साधारण तेवढीच होती! हे प्रमाण मी समजुतीसाठी धरले आहे. प्रत्येक केंद्राचे प्रमाण निराळे असते. परंतु एवढे पाणी नदीतून रोज नव्याने उपसावे आणि एकदा वापरून टाकून द्यावे, ही चैन आपल्या कोरड्या मुलखाला परवडणारी नाही, हे कोणासही पटेल. पाण्यावाचून वीजकेंद्राची काय अवस्था होते, तेही आपण पाहिले आहे. मराठवाड्यातील परळीचे औष्णिक केंद्र २०१५ साली पाण्याच्या टंचाईपायी बंद ठेवावे लागले होते.

आता तलावात गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते ते पाहू. राख हळूहळू तळाशी बसते आणि वर निवळ पाणी राहते. काही पाणी उन्हाने वाफ होऊन उडून जाते. काही राखेच्या कणांमध्ये अडकून तेथेच राहते. वरचे निवळ पाणी एका उभ्या विहिरीवजा बांधकामातून बाहेर काढतात, पुन्हा निवळू देतात आणि पंपाने वीजकेंद्राकडे परत पाठवतात. तेथे त्याच पाण्यात नवी राख कालवतात. शेतकरी ज्याप्रमाणे एकच मोट पुन्हा पुन्हा विहिरीत सोडतो, त्याप्रमाणे हे पाणी सारखे फेऱ्या घालीत राहते. हा झाला पाण्याचा राजमार्ग.

पण पाण्याला चोरवाटाही ठाऊक असतात. तलावाचा बांध मातीचा. त्याच्या अंगातून आणि तलावाच्या तळातून पाणी थेंबाथेंबाने झिरपत राहते. आपल्या प्रश्नाचा विषय तो हाच पाझर.

मातीचा बांध कितीही चांगला बांधला तरी थोडा पाझरतोच, हे मला पुस्तकाने शिकविले नाही. ते मी लहानपणी पाहिले आहे. माझे माहेर गोव्यात, मांडवीच्या खाडीकाठी. आमच्याकडे खाजण शेती असते. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखण्यासाठी चिखलाचे आणि जांभ्या दगडाचे लांबच लांब बांध घातलेले असतात. पाणी आत-बाहेर करण्यास लाकडी दार असते. त्याला आम्ही ‘मानस’ म्हणतो. पावसाळ्यात अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला आमचे आजोबा कंदील घेऊन बांधावर फेरी मारीत. मी मागून त्यांचे धोतर धरून चालत असे. ते वाकून बांधाच्या आतल्या अंगाचा ओलावा बोटांनी चाचपीत. पाझर स्वच्छ असला तर पुढे चालू लागत. पाझर गढूळ दिसला की मात्र तेथेच थांबत आणि हाका मारून माणसे जमवीत. मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, “स्वच्छ पाणी एकटे येते. गढूळ पाणी बांधाला बरोबर घेऊन येते.” खेकड्याने पाडलेले बोटाएवढे भोक रात्रीत केवढे होते, हे खाजणकाठच्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते.

पुढे अनेक वर्षांनी हा लेख लिहिण्यासाठी पुस्तके चाळली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की स्थापत्यशास्त्र नेमके हेच सांगते. झिरपणारे पाणी मातीचे कण सोबत वाहून नेऊ लागले, की बांधाच्या पोटात बारीक नळी तयार होते. ती मागे मागे पाण्याच्या दिशेने वाढत जाते, आणि शेवटी बांध फुटतो. शाळा न शिकलेल्या आजोबांनी जे बोटांनी ओळखले होते, ते अभियंत्यांनी गणिताने मांडले, एवढाच फरक.

त्या गणिताची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. दिजाँ नगराला नळाचे पाणी देणारा आंरी दार्सी नावाचा अभियंता होता. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते याचे त्याने प्रयोग केले आणि १८५६ साली आपला नियम प्रसिद्ध केला. नियम सोपा आहे. पाझर तीन गोष्टींवर अवलंबून असतो : माती किंवा वाळू पाण्याला किती वाट देते, पाण्याच्या पातळीचा उतार किती, आणि पाणी झिरपावयास जागा किती मोठी. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे पाझर.

या नियमाने एक उदाहरण सोडवू. एका राखतलावाचा बांध ४ किलोमीटर लांब आहे आणि पाझर ५ मीटर उंचीच्या भागातून होतो. म्हणजे जागा झाली २०,००० चौरस मीटर. उतार धरला ०.३. माती इतकी घट्ट, की उतार पूर्ण १ असता तर तिच्यातून सेकंदास मीटरचा फक्त दशलक्षांश भाग या वेगाने पाणी सरकले असते. गुणाकार करून पाहा. उत्तर येते सेकंदाला ६ लिटर. अर्ध्या बादलीएवढे पाणी. डोळ्यांना ते काहीच वाटणार नाही. परंतु दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोजचा पाझर ५ लक्ष १८ हजार लिटर झाला! मघाच्या ५५ लिटरच्या मापाने नऊ हजारांवर वस्तीच्या गावाची ही तहान आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण बचतीचा उपदेश म्हणून पाठ करतो. येथे ती शब्दशः खरी ठरते.

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाच्या काळात आणि त्यानंतर ठिकठिकाणी पाझर तलाव खोदले गेले. तेथे पाणी झिरपावे, भोवतालच्या विहिरींना उतरावे, हाच हेतू असतो. कुंडी भंडाऱ्याचे वैभवही पाझराचेच. मग राखतलावाच्या पाझराने काय पाप केले?

याचे उत्तर मी तुम्हांला वर्गात एका प्रयोगाने दाखविले होते. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी येथे लिहिते. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या बुडाशी कापून उलट्या टांगा. दोन्हींच्या तोंडाशी कापडाचा बोळा बसवा आणि त्यावर धुतलेली वाळू भरा. एका बाटलीत वाळूच्या वर चुलीतील लाकडाची चाळलेली राख चांगली मूठ-दोन मूठ घाला. आता दोन्हींत सारखेच पाणी हळूहळू ओता आणि खाली पडणारे पाणी वेगवेगळ्या पेल्यांत धरा. पहिले गढूळ पाणी पुन्हा वरून ओता. दोन-तीनदा असे केल्यावर दोन्ही पेल्यांतील पाणी जवळजवळ सारखेच निवळ दिसेल. मग पांढऱ्या कागदाला ओली हळद लावून वाळवा, त्याच्या पट्ट्या करा आणि एकेक पट्टी एकेका पेल्यात बुडवा. वाळूच्या पाण्यात हळद पिवळीच राहील. राखेच्या पाण्यात ती लालसर होईल. राखेतील क्षार पाण्यात विरघळल्याची ती खूण. (राखेचे पाणी जिभेवर किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि प्रयोग वडील माणसांच्या देखत करावा.)

वाळूने गाळले काय? न विरघळलेले कण. जे पाण्यात विरघळून गेले, त्याला वाळू अडवू शकली नाही. साखरेचे पाणी फडक्यातून गाळले तरी गोडच राहते, तसेच हे.

दगडी कोळशाची राख लाकडाच्या राखेहून निराळी असते, हे खरे. तिच्यात मुख्यतः वाळूसारखी सिलिका, ॲल्युमिनियम व लोखंड यांची संयुगे आणि काही चुना असतो. पण त्यांबरोबरच आर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम, सेलेनियम, बोरॉन यांचेही अंश असतात. कोळसा ज्या खाणीचा, तसे प्रमाण कमी-अधिक. राख वर्षानुवर्षे पाण्यात भिजत राहिली की यांतील काही द्रव्ये आणि लवणे पाण्यात उतरतात. आणि विषारी धातूंच्या बाबतीत थोडे म्हणजे किती थोडे? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. एवढा अंश ना डोळ्यांस दिसतो, ना जिभेस कळतो.

कुंडी भंडाऱ्याचे पाणी डोंगराच्या माती-खडकांतून येते. राखतलावाचे पाणी राखेतून येते. दोघांचा पाझर सारखा, पण माहेर निराळे! म्हणून, मुला, तुझे मामा योग्य तेच सांगत होते. बांध पाहणाऱ्यासाठी स्वच्छ पाझर ही शुभ खूण आहे. बांध शाबूत आहे एवढे ती सांगते. ते पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे मात्र ती सांगत नाही. ते प्रयोगशाळाच सांगेल. आपली गुरेढोरे, आपल्या विहिरी यांना हा फरक कळत नाही. म्हणून तो आपण जाणला पाहिजे.

पाझर पूर्ण थांबत नाही आणि तो मोकळा सोडणेही योग्य नाही. तेव्हा एकच मार्ग उरतो : त्याला वाट आखून द्यावी, गोळा करावे आणि पुन्हा कामाला लावावे. हे कसे साधतात ते पाहू.

पहिली गोष्ट तळाची. नव्या तलावांत तळाशी आणि बांधाच्या आतल्या अंगाला घट्ट चिकणमातीचा थर किंवा जाड प्लॅस्टिकचे अस्तर घालतात, म्हणजे जमिनीत उतरणारे पाणी पुष्कळ कमी होते. दुसरी गोष्ट बांधाच्या पोटातील गाळणीची. बांध रचतानाच त्याच्या बाहेरच्या अंगाकडे वाळूचा थर अंथरतात. त्यापुढे जाड वाळू, मग बारीक खडी, आणि अगदी पायथ्याशी दगडांची रास. बारीककडून जाडाकडे असा हा क्रम असतो, आणि त्यात मोठे शहाणपण आहे. प्रत्येक थराची छिद्रे इतकी लहान असावीत, की मागच्या थराचे कण त्यांतून निसटू नयेत. आणि इतकी मोठी असावीत, की पाणी अडू नये. पाण्याला वाट, मातीला अटकाव! ही गाळणी नीट असली तर पाझर एकटा बाहेर येतो, बांधाला बरोबर आणीत नाही.

तिसरी गोष्ट पायथ्याच्या चराची. बांधाच्या बाहेरून सगळीकडे पक्का चर काढतात. दगडांच्या राशीतून आलेला पाझर या चरात पडतो आणि उताराने एका खोल हौदात जमा होतो. हौदावर पंप असतो. तो हे पाणी पुन्हा तलावात टाकतो, किंवा वर सांगितलेल्या परतीच्या नळात सोडतो. म्हणजे चोरवाटेने निघालेले पाणीही शेवटी राजमार्गाला लागते. पावसाचे बाहेरचे पाणी या चरात शिरू नये म्हणून त्याच्यासाठी निराळा नाला ठेवावा लागतो. नाही तर भर पावसात हौद ओसंडतो आणि गोळा केलेले सारे नदीच्या वाटेला लागते.

चौथी गोष्ट पहाऱ्याची, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी. चरात एके ठिकाणी त्रिकोणी खाचेची फळी बसवतात. खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते मोजले की पाझर किती आहे ते कळते. बांधात उभ्या नळ्या पुरून आतली पाण्याची पातळी पाहतात. तलावाभोवती लहान विहिरी खणून त्यांच्या पाण्याची वेळोवेळी तपासणी करतात. पाऊस नसता पाझर एकाएकी वाढला, किंवा गढूळ झाला, तर ती धोक्याची घंटा समजावी. पाझर एकाएकी थांबला तरी निश्चिंत होऊ नये. गाळणी तुंबली असेल आणि पाणी बांधाच्या पोटात चढत असेल. राखतलाव भरत आला की बांधाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवतात. हा वरचा नवा बांध पुष्कळदा आत साचलेल्या राखेवरच उभा असतो. म्हणून आतले पाणी उतरते ठेवणे हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो.

हे पाणी पुनःपुन्हा वापरण्यात अडचण नाही असे मात्र समजू नका. दर फेरीला पाण्यातील काही भाग वाफ होऊन जातो, पण क्षार मागेच राहतात. आमटी आटली की खारट होते, तसे हे पाणी फेरीगणिक अधिक खारे होत जाते. राखेतील चुन्यामुळे नळांच्या आत पांढरा कठीण थर बसतो आणि नळ अरुंद होतात. नवल असे, की आपल्या कुंडी भंडाऱ्यालाही हीच व्याधी आहे. तेथेही पाण्यातील चुन्याचे थर भुयारांच्या भिंतींवर साचले आहेत. चारशे वर्षांची ती भुयारे असोत की आजचे पोलादी नळ, पाण्याचा स्वभाव बदलत नाही. म्हणून वीजकेंद्रात या पाण्याची नियमित परीक्षा करतात, थर बसू नये म्हणून त्यात औषधे घालतात, नळ साफ करतात आणि लागेल तेवढे ताजे पाणी मिसळतात.

ही सारी खटपट न केल्यास, किंवा बांधाची काळजी कमी पडल्यास काय घडते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथे राखतलाव आहे. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात त्याचा बांध फुटला. राखेचा चिखल शेतांत शिरला आणि कोलार नदीकडे वाहिला. त्याआधी, १० एप्रिल २०२० रोजी, आपल्याच मध्य प्रदेशात सिंगरौली जिल्ह्यातील सासन वीजकेंद्राचा राखबांध फुटला; त्यात मुलांसह सहा माणसे प्राणास मुकली. प्रगत देशही यातून सुटले नाहीत. अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंगस्टन येथे २२ डिसेंबर २००८ च्या रात्री राखतलावाचा बांध खचला आणि सुमारे ४१ लक्ष घनमीटर राखेचा चिखल एमरी नदीत व आसपास पसरला. या प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगवेगळी असतील. परंतु राख आणि पाणी एकत्र कोंडून ठेवणे हे कायमच्या जागरणाचे व्रत आहे, एवढा धडा त्यांतून नक्कीच मिळतो.

शासनानेही याबाबत नियम केले आहेत. राखेच्या वापराविषयी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९९ साली निघाली; ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सर्व राख उपयोगात आणण्याचे बंधन अधिक कडक केले. विटा, सिमेंट, रस्त्यांचे भराव, जुन्या खाणींचे खड्डे भरणे, असे तिचे अनेक उपयोग आहेत. पाण्याविषयी ७ डिसेंबर २०१५ रोजी नियम झाला, की जुन्या केंद्रांनी एका युनिट विजेमागे साडेतीन लिटरहून अधिक पाणी खर्चू नये. कोराडीच्या केंद्रासाठी नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून नेतात. त्या योजनेची क्षमता दिवसाला १३० दशलक्ष लिटर आहे. राख दाट करून, थोड्याच पाण्यात कालवून टाकण्याची पद्धतही निघाली आहे. मुळात पाणीच कमी घातले तर पाझरही कमी होणार. रोग झाल्यावर औषध घेण्यापेक्षा पथ्य बरे, तसाच हा विचार आहे. तथापि जे तलाव भरून राहिले आहेत त्यांचा पाझर उद्याही होणार, परवाही होणार. वीजकेंद्र बंद पडले तरी त्याची राख तेथेच असते. तेव्हा त्या पायथ्याच्या चराची आणि हौदाची राखण पुढच्या पिढीला, म्हणजे तुम्हांलाच करावयाची आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी अभियंता होईल, कोणी वीजकेंद्रात नोकरीस लागेल, कोणी ग्रामपंचायतीत निवडून जाईल, कोणी शेतीच करील. यांपैकी प्रत्येकाला या विषयात काही ना काही काम आहे. अभियंत्याने गाळणीचा क्रम चुकवू नये. नोकरी करणाऱ्याने त्रिकोणी खाचेवरील आकडा न पाहताच वहीत भरू नये. पंचाने गावच्या विहिरीचे पाणी दरवर्षी तपासून घ्यावे आणि अहवाल चावडीवर सर्वांना वाचून दाखवावा. शेतकऱ्याने बांधाखालच्या नितळ पाण्यावर गुरे नेऊ नयेत.

आणि ज्या मुलाने कुंडीच्या काठावर तो प्रश्न विचारला, त्याला माझे एवढेच सांगणे आहे : तुझ्या प्रश्नामुळे तुझ्या बाईंना या वयात पुन्हा विद्यार्थिनी व्हावे लागले. अनेक वर्षांनी आजोबांचा कंदील पुन्हा डोळ्यांपुढे आला, आणि ते वाकून ओली माती का चाचपीत, ते आता कोठे मला पुरते समजले. पुढच्या सहलीलाही असेच प्रश्न बरोबर घेऊन ये. उत्तर लगेच आले नाही, तर शोधावयास आपण दोघेही बसू.